चित्राची पाठ आधी बघा: कॅनव्हासवरचं मूळ चित्र देणं, टांगणं आणि सांभाळणं

कॅनव्हासवरचं चित्र हातात आलं की आधी ते उलटं करा. पुढून रंग दिसतात. मागून लाकूड, कापड आणि पिना दिसतात, आणि हे चित्र आपल्या घरात किती वर्षं नीट राहील याचा बराचसा अंदाज तिथेच येतो. बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये मूळ चित्रांची वानवा नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून इथे आहे, विद्यार्थ्यांची चित्रं परवडणाऱ्या दरात मिळतात, आणि लग्नात किंवा वास्तुशांतीला चित्र देण्याची पद्धतही रुळली आहे. ही चित्रं खराब होतात ती बहुतेक वेळा भिंतीकडच्या बाजूने, किंवा घरच्यांनी मनापासून केलेल्या स्वच्छतेमुळे. म्हणून या लेखात पाठीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पाठीवर काय बघायचं

कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिला सगळे स्ट्रेचर म्हणतात. चांगल्या स्ट्रेचरचे कोपरे खाचेत बसवलेले असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात आतून दोन छोट्या लाकडी पाचरा असतात. कापड सैल पडलं की पाचरा हलक्या ठोकून ताण परत आणता येतो. कोपरे खिळ्यांनी पक्के जोडले असतील तर ही सोय नाही. लहान चित्राला त्याने फारसं बिघडत नाही, पण तीन फुटांपेक्षा मोठी बाजू असेल तर पाचरांचाच स्ट्रेचर हवा आणि मध्ये एक आडवी पट्टीही हवी. स्ट्रेचर सपाट जमिनीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा. एक कोपरा वर राहत असेल तर लाकूड ओलं असतानाच वापरलं गेलंय, आणि हा पीळ सहसा जात नाही.

लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकूड पोखरणारा भुंगेरा लागलाय. असं चित्र घरात आणू नका. बाकीचं लाकूडही धोक्यात येईल.

आता मूळ चित्र की छपाई, हा प्रश्न. कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारलेली चित्रं बाजारात भरपूर आहेत, आणि समोरून ती फसवतात. दहापट भिंग घ्या. छपाई असेल तर रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसते. दुसरी खूण त्याहून सोपी आहे: ब्रशच्या उंचवट्याची दिशा आणि रंगाची सीमा जुळतात का बघा. खऱ्या चित्रात निळा फटकारा संपतो तिथेच निळ्याचा थर संपतो. छपाईवरच्या जेलमध्ये फटकारा निळ्यातून सरळ पिवळ्यात शिरतो, कारण जेल मारणाऱ्याला खालच्या रंगाशी काही देणंघेणं नसतं.

भेट देताना

पहिलं, माध्यम विचारून घ्या आणि लिहून घ्या. अॅक्रिलिकचा पातळ थर तासाभरात वाळतो. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आतून महिनोन् महिने वाळत असतो, आणि जाड थर असेल तर वर्षही लागतं. म्हणून पारंपरिक पद्धतीत तैलचित्रावर शेवटचा व्हार्निश ६ ते १२ महिन्यांनी देतात. लग्नाच्या घाईत महिनाभरापूर्वी केलेलं तैलचित्र व्हार्निश लावून, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून देऊ नका. थर आत अडकतो, सुरकुततो, आणि प्लॅस्टिक चिकटतं ते वेगळंच.

दुसरं, भिंत मोजल्याशिवाय आकार ठरवू नका. सोफ्यावर लावायचं असेल तर चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास बरी दिसते, म्हणजे ७२ इंची सोफ्यावर ४८ इंच. समोरच्याला चकित करण्यापेक्षा एक फोन करून भिंत विचारावी, असं आमचं मत आहे. घरात जागा नसलेलं चित्र सरळ माळ्यावर जातं, आणि चित्रासाठी माळ्याइतकी वाईट जागा नाही.

तिसरी गोष्ट अगदी छोटी, पण नुकसान करणारी. ‘चि. अमुक व सौ. तमुक यांस सप्रेम भेट’ हा मजकूर लोक मार्करने थेट कॅनव्हासच्या पाठीवर लिहितात. शाई कापडात मुरते, आणि पातळ रंगाच्या चित्रात वर्षा-दोन वर्षांत ती पुढून दिसू लागते. फिक्या आभाळात उलटी अक्षरं उमटलेली दिसली की काही करता येत नाही. बॉलपेनने दाब पडून पुढून रेघ उठते. मजकूर जाड कार्डावर लिहा, कार्ड पाकिटात घाला आणि पाकीट मागच्या पुठ्ठ्यावर लावा. स्ट्रेचरच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलं तरी चालतं. त्याच पाकिटात चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम, आकार, खरेदीची पावती आणि चित्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो ठेवा.

कायद्याच्या दोन बाबी. तयार चित्र विकत घेतलं तर त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, म्हणजे ते लग्नपत्रिकेवर छापायला त्याची परवानगी लागते. पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. दुसरी बाब कराची. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या चित्र-दागिन्यांसारख्या वस्तूंची बाजारभावाने किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. स्वतःच्या लग्नातल्या भेटीला सूट आहे, वास्तुशांतीला नाही. महागडं चित्र द्यायचं असेल तर हे आधी सांगून ठेवावं.

कोणती भिंत

वास्तुशांतीला मिळालेलं चित्र त्याच आठवड्यात टांगलं जातं, आणि नेमकी तेव्हाच भिंत सर्वांत ओली असते. भायली-गोत्रीकडच्या नव्या फ्लॅटमध्ये गिलावा आणि पुट्टी वरून कोरडी दिसते, पण आत पाणी असतं. ते बाहेर पडताना मध्ये चित्र आलं तर ओल कॅनव्हासच्या पाठीत जाते. नव्या घरात निदान एक उन्हाळा जाऊ द्या. तोवर चित्र खोलीतच, भिंतीपासून दूर, स्टँडवर ठेवा.

जुन्या घरांत, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या वाड्यांत, अडचण खालून येते. पाया पाणी ओढतो आणि भिंतीला दोन-तीन फुटांपर्यंत लोणा लागतो. पांढरी भुकटी आणि पोपडे दिसले की त्या भिंतीवर चित्र नको, मग वरचा भाग कितीही कोरडा वाटो.

शंका असेल तर भिंतीवर दीड फुटी चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून लावा आणि दोन दिवस राहू द्या. आतून पाण्याचे थेंब धरले किंवा तेवढा भाग गडद दिसला तर भिंत ओली आहे. ही चाचणी मे महिन्यात करू नका, तेव्हा सगळ्याच भिंती पास होतात. ऑगस्टमध्ये करा.

बाथरूमला लागून असलेली भिंत, स्वयंपाकघराच्या दारासमोरची भिंत (फोडणीची वाफ तेल घेऊन फिरते आणि त्या चिकट थरावर धूळ बसते), एसीच्या झोताची जागा आणि देवघरावरची जागा, एवढ्या सोडाच. समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर चित्राच्या वरच्या भागात पिवळट-करडा थर धरतो.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीचा विचार बडोद्यात वेगळा करावा लागतो. मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या दुपारी ती भिंत तापते आणि रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. अॅक्रिलिकचा थर उष्णतेत मऊ आणि किंचित चिकट होतो, आणि त्यावर बसलेली धूळ त्यात रुतते. अशी रुतलेली धूळ नंतर झटकून निघत नाही. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत कधीही उत्तम.

उजेडाबद्दल थोडक्यात: थेट ऊन एक तासही नको. खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा. दिवा एलईडीचा, २७०० ते ३००० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घ्या आणि चित्रावर साधारण ३० अंशांच्या कोनात पडेल असा बसवा. हॅलोजन नको, तो तापतो. तैलचित्र मात्र कायम अंधारात ठेवणंही बरं नाही, तेलाचा थर अंधारात पिवळा पडतो.

टांगण्याची कृती

आधी वजन घ्या. चित्र हातात धरून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

१. स्ट्रेचरच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांवर, वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर, डी-रिंग (इंग्रजी डी आकाराची धातूची कडी) स्क्रूने बसवा. स्क्रूची लांबी पट्टीच्या जाडीपेक्षा कमी हवी, म्हणजे टोक कॅनव्हासला टोचणार नाही. आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर पट्टी चिरते.

२. तार बांधायची असेल तर थोडी सैल ठेवा. तार जितकी ताठ, तितकी ती उभ्या पट्ट्यांना आत ओढते आणि पातळ स्ट्रेचर मधून वाकतो. दोन फुटांपेक्षा रुंद चित्राला तार नकोच. दोन्ही डी-रिंग थेट दोन हुकांवर अडकवा. चित्र तिरकंही होत नाही.

३. उंची काढा. उभ्याने बघायच्या जागी चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा. ३६ इंच उंच चित्र असेल आणि अडकवायची जागा वरच्या कडेपासून १२ इंच खाली असेल, तर हुक ५८ अधिक १८ वजा १२, म्हणजे ६४ इंचांवर. सोफ्याच्या पाठीपासून चित्राच्या खालच्या कडेपर्यंत ६ ते ८ इंच सोडा. खाली भारतीय बैठक असेल तर मध्य ४८-५० इंचांवर आणा, बसलेल्या माणसाची नजर खाली असते. हॉलमध्ये झोपाळा असेल तर तो पूर्ण झोक्यात कुठवर जातो ते मोजून त्यापलीकडे निदान दीड फूट मोकळी भिंत धरा. झोपाळ्याच्या मागे चित्र लावू नका, डोक्याचं तेल आणि हाताचा धक्का दोन्ही तिथे ठरलेले.

४. भिंत कशाची आहे ते ओळखा. विटांच्या भिंतीला ६ मिमीचा बिट, दोन इंच खोल भोक, प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू-हुक पुरतो. सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक कुंडीसारखं रुंद होतं आणि गिट्टी आत फिरत राहते. तिथे लांब नायलॉन गिट्टी वापरा. कॉलमवर आलात तर हॅमरशिवाय बिट शिरणार नाही, शक्यतो जागा चार इंच सरकवा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच जातो.

५. पाणसळ धरून दोन्ही खुणा एका रेषेत करा, मग ड्रिल.

६. चित्राच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे ठोकळे चिकटवा, निदान १० मिमी जाड. वरूनही तेवढंच अंतर राहील असा हुक निवडा. मागून हवा खेळली पाहिजे. हा रुपया-दोन रुपयांचा तुकडा बडोद्याच्या पावसाळ्यात महागड्या फ्रेमपेक्षा जास्त कामाचा आहे.

हवेसाठी सोडलेल्या या जागेत पाल येऊन राहते, तिथेच अंडी घालते, आणि तिची विष्ठा कापडाला लागते. त्यामुळे स्ट्रेचरच्या मागे आच्छादन हवंच. पोकळ पीपी शीट (पुठ्ठ्यासारखा प्लॅस्टिकचा पत्रा) किंवा आम्लविरहित पुठ्ठा मापाने कापून स्ट्रेचरला छोट्या स्क्रूंनी बसवा. फेविकॉल किंवा सेलोटेप नको, कारण पाठ अधूनमधून उघडून बघायची आहे. हे आच्छादन मागून बसणारा धक्काही अडवतं. चित्र हलवताना कुणाचा तरी गुडघा किंवा खुर्चीची कड मागून लागते, आणि कॅनव्हासला आलेला फुगवटा रंगात गोल भेगा पाडतो.

फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला काम देण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कॅनव्हास स्ट्रेचरवरून काढायचा नाही, प्लायवर चिकटवायचा नाही, आणि कडा कापायच्या नाहीत. कित्येक चित्रकार सही कडेवर करतात. ट्रे फ्रेम (चित्राची कड न झाकणारी, ताटासारखी चौकट) करून चारही बाजूंनी ५-६ मिमी फट सोडली तर छान दिसतं आणि रंगाची कड घासत नाही. काच साधारणपणे लावू नका.

हार, गंध आणि फडकं

गणपतीचं, विठोबाचं चित्र घरात आलं की त्याला हार चढतो आणि कपाळी गंध लागतं. भावना समजते, पण कॅनव्हासवर हे करू नका. ताज्या हाराचं पाणी वरच्या कडेवरून स्ट्रेचर आणि कापडाच्या मधल्या खोबणीत उतरतं, आणि तिथूनच बुरशी सुरू होते. हळदीचा पिवळा रंग अॅक्रिलिकच्या बारीक छिद्रांत बसला की निघत नाही. कुंकू पुसायला गेलं तर लाल ढग पसरतो. पूजेसाठी त्याच देवाची काचेतली तसबीर वेगळी ठेवा, आणि चित्राला लांबून नमस्कार करा.

ओलं फडकं, कॉलिन, तेल, पावाचा गर, बटाट्याची फोड, यातलं काहीही चित्राला लावू नका. पाणी भेगांतून खाली जातं, कापड आणि त्यावरचा सरसाचा थर फुगतो-आकसतो, वरचा रंग तेवढा हलू शकत नाही आणि पोपडा होऊन सुटतो. पावाचे कण फटीत राहतात आणि बुरशीला खाद्य होतात.

धूळ काढायची ती अशी. आधी खोली अंधारी करून टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. उचललेले पोपडे त्या तिरप्या उजेडात लगेच दिसतात. एक जरी दिसला तरी ब्रश लावू नका. सगळं घट्ट असेल तर चित्र उतरवा, वरची कड थोडी पुढे झुकवून उभं धरा म्हणजे धूळ खाली पडेल, आणि दोन इंची मऊ, न वापरलेल्या ब्रशने वरून खाली हलके फटकारे मारा. पत्र्याच्या पट्टीचा ब्रश असेल तर पत्र्यावर कागदी टेप गुंडाळा, उघडा पत्रा ओरखडे काढतो. पिसांचा झाडू नको, मोडलेलं पीस रंगाच्या टोकात अडकतं. वर्षातून दोनदा पुरे. दिवाळीच्या आवराआवरीत घरी रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर चित्र दुसऱ्या खोलीत न्या, नुसतं वर्तमानपत्र झाकून भागत नाही.

पावसाळा

खोलीत शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ६० टक्के उत्तम, ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी धरते. त्या दिवसांत दारं बंद ठेवून गारवा करण्यापेक्षा पंखा चालू ठेवून हवा फिरती ठेवा. दर पंधरा दिवसांनी चित्र पुढे ओढून मागे वास घ्या. ओलसर, कुबट वास डागाच्या आधी येतो.

पावसाळ्यात कापड सैल पडून कोपऱ्यात लाटा येतात. घाबरून लगेच पाचरा ठोकू नका. हवा कोरडी झाली की बरंच कापड आपोआप ताठ होतं, आणि आधीच ठोकलेल्या पाचरांमुळे मग ताण जास्त होऊन रंग तडकतो. दिवाळीनंतरही लाट राहिली तर पाचर एकेक करून, एका वेळी दोन हलके ठोके. कॅनव्हास आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून ठेवा, हातोडी निसटली तर कापड वाचतं. मागून पाणी शिंपडून ड्रायर फिरवण्याची युक्ती कोऱ्या कॅनव्हासची आहे, रंगवलेल्या चित्रावर ती करू नये.

पाठीवर पांढरे किंवा काळे ठिपके दिसले तर चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा, सावलीत हवेशीर जागी वाळू द्या, उन्हात नाही. पूर्ण कोरडं झाल्यावर एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, फक्त पाठीवरून मऊ ब्रशने काढा. ओलं असताना घासलं तर बुरशी कापडात पसरते. पुढच्या बाजूला धरली असेल तर हात लावू नका.

नेताना, पाठवताना, ठेवताना

चित्र दोन्ही उभ्या बाजूंनी धरा. वरच्या पट्टीला धरून बोटं मागून आत घातली की पुढून चार फुगवटे उठतात. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला असावेत, आणि रंगाला आधी सिलिकॉनचा बेकिंग पेपर लागावा. उन्हात तापलेल्या गाडीत अॅक्रिलिकवर फुग्यांचे गोल कायमचे उमटतात. रिक्षात चित्र उभं, रंग आपल्याकडे करून धरा.

परदेशातल्या मुलांकडे मोठं चित्र पाठवायचं तर गुंडाळावं लागतं. तेव्हा रंग बाहेरच्या बाजूला ठेवून, निदान ६-८ इंच व्यासाच्या नळीवर, सैल. रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन उकलताना सुटतो. जाड थराचं किंवा जुनं तैलचित्र गुंडाळूच नका. शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं आणि ते परदेशी नेता येत नाही. राजा रविवर्मांसारख्या काही चित्रकारांच्या मूळ चित्रांना वय न बघता हीच बंदी आहे.

घरात ठेवायचं तर उभं, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा, आणि जमिनीपासून चार इंच वर. झाकायला स्टार्च नसलेली धुतलेली सुती चादर.

विश्वामित्रीचं पाणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये कितीतरी तळमजल्यांत शिरलं होतं. नदीजवळ राहत असाल तर जूनमध्येच चित्रं वरच्या मजल्यावर न्या. तरीही चित्र भिजलंच तर आच्छादन काढा, चित्र स्ट्रेचरसकट आडवं, रंग वर ठेवून, चारही कोपऱ्यांखाली विटा देऊन ठेवा म्हणजे खालून हवा जाईल. पंखा खोलीत असू द्या, त्याचा झोत चित्रावर नको. चिखल पुसू नका. सुटलेला प्रत्येक पोपडा कागदाच्या पुडीत घालून, तो कुठून पडला ते पुडीवर लिहा. २४ ते ४८ तासांत बुरशी सुरू होते, म्हणून तेवढ्या वेळात चित्रसंवर्धनाचं काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचायला हवं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभागात अशा जाणकारांची चौकशी करता येते. पाऊस सुरू व्हायच्या आधी ती करून नंबर पाठीवरच्या पाकिटात लिहून ठेवा.